कपाटातली पिशवी

"वापरता ना?" मॅडमनी हातमोजे चढवता चढवता विचारलं आणि मी टेबलावर पडल्या पडल्या, पाय वर घेतलेले, छताकडे बघत "हो" म्हणून मोकळी झाले. असं खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, कारण मी ते रोज ऐकते. बावीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढलीत मी. "रोज घासता ना?" "हो हो, दोन्ही वेळा," आणि आ केलं की आत सगळा आनंदीआनंद. थाप मारणाऱ्याचं तोंड मी दारातून ओळखते. मॅडमनीही ओळखलं असणार. त्यांचं बोट जरासं आत गेलं आणि थांबलं. मी दात आवळले. "सैल सोडा," त्या म्हणाल्या. सोडलंच होतं. "अजून सोडा." आता अजून कुठून आणू, बाई? मग त्यांनी सिस्टरला सांगितलं, सगळ्यात लहान अवजार दे. सिस्टरनं कपाट उघडलं, ट्रेमध्ये काहीतरी वाजलं, तेवढा आवाज मला ओळखीचा, माझ्याच हातातला रोजचा. ते सगळ्यात लहानसुद्धा गेलं नाही. माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बाहेर बाकावर बसलेल्या बायका गप्प झाल्या, ते मला आतून कळलं. मॅडमनी मोजे काढले, डब्यात टाकले, हात धुतले, पुसले. "किती दिवस वापरलं नाही?" नळ बंद करताना त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कधीच नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या आणि मला कपडे करून समोर यायला सांगितलं.

मग त्यांनी पॅडच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. आजार गर्भपिशवीच्या तोंडाचा होता, किरणांनी तो गेला, दोन वर्षं झाली, रिपोर्ट चांगले आहेत. पण किरणांना गाठ कुठली आणि चांगली कातडी कुठली हे कळत नाही. ती सगळंच भाजतात. त्या जागेला रक्त कमी पोचतं, ओलावा जातो. पाळीही किरणांनीच बंद पडलेली, म्हणजे आतून जे वंगण मिळायचं तेही संपलं. कातडी पातळ होते, चट्टा धरते आणि समोरासमोरच्या दोन भिंती नुसत्या लागून राहिल्या तर एकमेकींना चिकटतात. "म्हणून ती साधनं दिली होती. आठवड्यातून दोन-तीनदा, दहा दहा मिनिटं. नाहीतर मग नवऱ्याशी संबंध. दोन्हींपैकी एक तरी चालू हवं होतं." मी चित्राकडे बघत राहिले. पेन बिघडलेलं होतं, रेघ मध्येच तुटत होती. मी विचारलं, ऑपरेशन करून मोकळं नाही करता येणार का? त्या म्हणाल्या, किरणं लागलेल्या जागेवर सुरी लावली तर जखम भरत नाही. पुढं लघवीची पिशवी, मागं आतडं, मध्ये भोक पडलं तर जन्माचं दुखणं. "वरचा भाग गेला असं समजा. राहिलंय साधारण तीन सेंटिमीटर. ते राखायचं. जमलं तर थोडं वाढवू. हे मलम लावायचं आणि साधन आता रोज. किरणांनंतरचं पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं हो. पहिल्या वर्षात कातडी ऐकते." शिवाय आजार परत आलाय की काय हे त्यांना डोळ्यांनी बघता येत नव्हतं, म्हणून दर वेळी स्कॅन करावा लागणार होता. मी मान हलवत होते. पेशंट जशी हलवतात तशी, काही न ऐकता. "मिस्टर आलेत का बरोबर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांना कामं असतात."

बाहेर जिन्याजवळच्या खोलीत पडदा लावून दोन वर्षांपूर्वी ती साधनांची पिशवी मला दिली होती. दुसरी सिस्टर होती तेव्हा, गोलमटोल, बदली होऊन गेली. निळी कापडी पिशवी, नाडीची. आत चार नळ्या, गुळगुळीत, निळसर, टोकाला गोल, एक ते चार नंबरच्या. पहिली करंगळीपेक्षा थोडी जाड. चौथी बघितली आणि मी म्हटलं, "सिस्टर, इतकं काही आमच्या घरी लागत नाही हो." ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी. मीही हसले. तेव्हा मी हसत होते, हे आता खरं वाटत नाही. पंचवीस दिवस किरणं, मग आतून द्यायची ती वेगळी, जुलाब, लघवीला आग, आणि मी पडद्याआड बसून चावट विनोद करतेय. तिनं सगळं समजावून सांगितलं होतं, माझ्यावर उपकार म्हणून नाही, नीट, मनापासून. दीड महिन्यानं सुरू करा, भरपूर जेली लावा, पाठीवर पडा, श्वास सोडताना आत, रक्ताचा ठिपका आला तर घाबरू नका, जास्त आलं तर या. मी "हो, हो" म्हणत होते. आणि मनात एवढंच धरून होते की हे त्या बायकांसाठी, ज्यांच्या घरी अजून काही व्हायचंय. म्हणजे माझ्यासाठीच. मी त्यांच्यातलीच होते की.

घरी ती ठेवणार कुठं? दोन खोल्या, आणि मुलगी माझ्या आजारपणात येऊन राहिलेली. ती आली की आधी कपाटं आवरायला घेते, आईवरच्या मायेनं नव्हे, उखाळ्यापाखाळ्या काढायला. म्हणून मी पिशवी दवाखान्यात नेली आणि भिंतीतल्या कपाटात, दातांचे साचे करायच्या प्लास्टरच्या डब्यांमागे ठेवली. एकदा डॉक्टरांच्या हाती लागली. आमचे डॉक्टर म्हणजे चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. तीन नंबरची नळी उजेडात धरून म्हणाले, "बाई, हे कुठल्या कंपनीचं? कशासाठी असतं?" मी म्हटलं, "एक प्रतिनिधी ठेवून गेला. येईल न्यायला." "दिसतं छान. पण आपल्याला उपयोग नाही," म्हणाले आणि परत ठेवलं. मी आत जाऊन निर्जंतुक करायच्या यंत्रातून अवजारं काढली आणि गरम गरम तशीच हातात धरली. चटका बसला तेव्हा सोडली. उपयोग नाही, हे अगदी बरोबर होतं. दीड महिना झाला, दोन झाले, मी वाट बघत होते. त्यांनी, म्हणजे आमच्या यांनी, मी हॉस्पिटलातून घरी आले त्याच दिवशी बाहेरच्या खोलीत स्वतःचा बिछाना टाकला होता. तुला नीट झोप लागावी, म्हणाले. ठीक आहे. मग माझी झोप चांगली झाली, रंग परत आला, केस तर गेलेच नव्हते, पण बिछाना काही आत येईना. दिवसा काय ते सगळं करायचे. औषधं आणायची, माझ्या आधी उठायचं, बसमधून उतरताना कोपर धरायचं. पण कप हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. मी उचलेपर्यंत तिथंच उभे राहायचे. मला वाटायचं, भितात. हा आजार लागतो असं कुणीतरी भरवलंय यांना.

आणि आमचं तसं नव्हतं हो. हे वजनकाटे दुरुस्त करतात, दुकानांतले, गोदामांतले, बाहेरगावीही जातात. परत आले की हाताला तेलाचा वास असायचा, दोनदा धुतला तरी. सुट्टीच्या दुपारी मुलगी शिकवणीला गेली की हे पेपर घडी करून ठेवायचे. घडी अगदी चारही कोपरे जुळवून, सावकाश, आणि मला दुसऱ्या खोलीत त्या कागदाचा आवाज ऐकू यायचा आणि कळायचं. बोलायचं काही कारणच नसायचं. हाच घोटाळा झाला. आमच्याकडे त्या गोष्टीसाठी शब्दच नव्हते, कधी लागलेच नव्हते. आजारानंतर सातव्या महिन्यात मी एकदा केस धुतले, त्यांना आवडायची ती साडी नेसले आणि बाहेरच्या खोलीत त्यांच्या बिछान्यावर जाऊन बसले. त्यांनी पाय बाजूला घेतले. मला जागा करून दिली आणि म्हणाले, "उद्या लवकर निघायचंय. गोदामाचा मोठा काटा आहे." मी थोडा वेळ बसले. मग उठले. अपमान असा असतो की तो अंगावर कुठं लागला हे दाखवता येत नाही. त्या दिवशी मी ठरवलं, येणारच नसेल कुणी तर मी कुणासाठी वाट मोकळी ठेवू? त्या निळ्या नळ्या घालून पडू एकटी, आणि कशासाठी? नाक घासत जाणाऱ्यातली मी नाही. मी हट्टी आहे. माझी आई म्हणायची, ही मरेल पण मागणार नाही. ते तपासणीचं, मॅडमना आत बघता यायला हवं वगैरे, सिस्टरनं सांगितलं होतं की नव्हतं कुणास ठाऊक. सांगितलं असेल. माझ्या कानात शिरलं नाही.

तर तपासणी झाल्यावर हॉस्पिटलातून मी सरळ आमच्या दातांच्या दवाखान्यात गेले. घरी जाऊन करणार काय? दुपारच्या पहिल्या पेशंटसाठी ट्रे लावला. ते नकाशेवाले काका होते. जमिनींचे नकाशे काढायचे पूर्वी. दाढेमागच्या गाठीसाठी त्यांना जबड्यावर किरणं दिली होती आणि तेव्हापासून तोंड उघडायचं कमी झालेलं. आले तेव्हा दोन दातांच्या मध्ये जेमतेम चमचा जायचा. अशांना आम्ही लाकडी चपट्या काड्या देतो, आइस्क्रीमच्या असतात तशा. एकावर एक रचायच्या, दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला एक वाढवायची. यात माझा मोठा दरारा. मला पाठीमागे 'काडीवाली बाई' म्हणतात, मला माहीत आहे. गेल्या वेळी याच काकांना मी चारचौघांत झापलं होतं. "काका, तोंड तुमचं, जेवायचं तुम्हाला, मी घरी येऊन काड्या घालू का?" बिचारे ओशाळले होते. आज खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी खिशातून रबर लावलेला काड्यांचा गठ्ठा काढला आणि एकेक करत तोंडात रचला. चौदा. गेल्या वेळी आठ होत्या. डोळे लकाकत होते त्यांचे. काड्या काढल्यावर म्हणाले, "बायको समोर बसते सकाळी. आधी आपल्या तोंडात घालते तेवढ्याच काड्या, मग माझ्या. बोलता येत नाही दोघांनाही. लाळ गळते. हसायला येतं आणि मग सगळ्या खाली." डॉक्टर "वा वा" म्हणाले. मी "शाबास" म्हणायला तोंड उघडलं आणि माझा हुंदका फुटला. काय म्हणतील लोक, म्हणून आतल्या खोलीत जाऊन यंत्र चालू केलं, रिकामंच, आवाजासाठी. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. एखाद्या बाईचा तिच्या दागिन्यांसाठी वाटावा त्याहून जास्त. आणि त्याबरोबरच, हे सांगायला हवं, लाजही वाटली. मी बावीस वर्षं लोकांना ओरडत आले. आणि माझ्या कपाटात, त्याच भिंतीत, हातभर अंतरावर ती पिशवी होती. मी डबे बाजूला केले. नाडीवर प्लास्टरची पांढरी पूड बसली होती. मी ती झटकली, पिशवी पर्समध्ये टाकली आणि डॉक्टरांना म्हटलं, मी निघते. ते म्हणाले, "बाई, माझा चष्मा?" "डोक्यावर," म्हटलं.

घरी आले तेव्हा हे जमिनीवर पेपर पसरून एक छोटा काटा खोलून बसले होते. खिडकीतून ऊन त्यांच्या पाठीवर आलेलं. मान खाली, मानेवर दोन केस वाढलेले, ते कापायला मी पूर्वी सांगायचे. "काय म्हणाल्या मॅडम?" मान वर न करता विचारलं. मी पिशवी उघडून चारही नळ्या त्यांच्या पेपरवर ठेवल्या, स्क्रूंच्या शेजारी, नंबराप्रमाणे. यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हे काय?" "हे मी आत घालायचं होतं," मी म्हटलं, "दोन वर्षांपासून. घातलं नाही. किरणांनी कातडी आवळते, आवळू नये म्हणून देतात. आता आत चिकटलंय. मॅडमचं बोट जात नाही." माझा आवाज चांगला खणखणीत लागला होता. वरच्या मजल्यावर ऐकू गेला असेल तर जाऊ दे. ते नळ्यांकडे बघत राहिले. "का नाही घातलंस?" "तुम्ही आला नाहीत म्हणून." "मी कसा येणार होतो?" "पायांनी. पाच पावलं आहेत." त्यावर त्यांच्या तोंडावर काही हललं, हसू म्हणावं तर तसंही नाही. मी म्हटलं, "घाबरलात. सरळ सांगा ना. तुम्हाला आजार लागेल म्हणून घाबरलात." तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांना माझं बोलणं खरोखर कळलंच नव्हतं, ते मला दिसलं. "मला?" ते म्हणाले. "मला कशाला लागेल?"

मग हळूहळू आलं बाहेर. एकेक शब्द, मध्ये उगाच एखादा स्क्रू उचलून परत ठेवायचा. रिपोर्ट आला त्या दिवशी जिन्यात एक तरुण डॉक्टर भेटला, त्याला यांनी विचारलं होतं, हा कशानं होतो? तो घाईत होता. म्हणाला, एक विषाणू असतो, संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. आणि वर गेला. "मी म्हटलं, बरं." "मग?" "मग काय. मी तर तुझ्याशिवाय कधी कुणाकडे..." आणि थांबले. मी खाली बसले, पेपरच्या दुसऱ्या बाजूला. म्हणजे हे होतं. मला काय वाटलं होतं, आणि हा माणूस दोन वर्षं काय घेऊन झोपला होता बाहेर. विसाव्या वर्षी मी टायपिंग शिकायला जायची. शिकवणारा होता एक, क्लासच्या वर खोली होती त्याची, खाली वीस मशिनी एकदम चालायच्या आणि जमीन थरथरायची. चार महिने. प्रेम म्हणण्यासारखंसुद्धा नव्हतं. मला त्यात गंमत कमी आणि धास्ती जास्त वाटायची. मग तो दुसरीकडे गेला, मी रडलेसुद्धा नाही, आणि खरं सांगते, पंचवीस वर्षांत त्याची आठवण चार वेळा आली नसेल. त्याचं तोंडही मला आता नीट दिसत नाही, फक्त शाईचे काळे डाग पडलेली बोटं. "होता एक," मी म्हटलं. "तुमच्या आधी. चार महिने." "आधी?" "आधी." त्यांनी हातातला स्क्रू पेपरवर ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, नंतरचा असेल. दवाखान्यातला." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसूच फुटलं. डॉक्टर! ज्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही त्यांना मी कधी सापडणार? मी हसत सुटले, हसता हसता गाल भिजले, आणि हे लाल होऊन बसलेले.

"अहो, पण विचारायचं होतंत!" मी ओरडले. "निम्म्या जगाला असतो म्हणे तो विषाणू. कुणाकडून आला हे कुणालाही सांगता येत नाही. त्या दीडशहाण्यानं तेवढं सांगायला हवं होतं, आणि तुम्ही मला विचारायला हवं होतं!" "विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," ते म्हणाले. "म्हणून नाही विचारलं." मी नळ्या गोळा करायला लागले. दोन नंबरची घरंगळत कपाटाखाली गेली. ते वाकले, हात घालून काढली, शर्टाला पुसली. पुसताना ती हातात तशीच राहिली. "राग होता खूप," ते म्हणाले. "तू आजारी, आणि मला तुझा राग. लाज वाटायची. तू त्या दिवशी येऊन बसलीस ना, तेव्हा मला वाटलं, आता तोंडातून काहीतरी भलतं जाईल. म्हणून काट्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कसला काटा नव्हता. मी तिकडं दिवसभर नुसता बसलो होतो." मी विचारलं, "मग गेला का राग?" "गेला की." "कधी?" त्यांनी आठवून बघितलं. खोटं सांगायचं नाही म्हणून नीट आठवून बघितलं, ते मला दिसत होतं. "तुला ताप आला होता बघ. रात्रभर पट्ट्या ठेवल्या मी. सकाळी तू उठून म्हणालीस, कपडे वाळत घालायचे राहिले. तेव्हा गेला. एकदम."

तो ताप मला आठवत होता. उपचार संपून नऊ महिने झाले होते तेव्हा. मी मनातल्या मनात दोनदा मोजलं. नऊच. "मग तेव्हा का नाही आलात?" मी विचारलं. आता माझा आवाज ओरडण्यातला राहिला नव्हता. "राग गेल्यावर काय बोलून यायचं, ते सुचेना," ते म्हणाले. "रोज म्हणायचो, आज बोलू. मग तू दार लावून घ्यायचीस." मी दार लावून घ्यायची, खरंय. रोज, कडी वाजेल अशी, त्यांना ऐकू जावी म्हणून. पहिल्या वर्षात कातडी ऐकते, मॅडम म्हणाल्या होत्या. वर्ष पुरं व्हायला तीन महिने होते अजून. हा माणूस दाराच्या त्या बाजूला उभा होता, राग नसलेला, तेलाच्या वासाचा, माझा, आणि मी या बाजूला कडी घालून पडले होते आणि आत भिंती चिकटत होत्या. हे मी त्यांना सांगावं की सांगू नये, याचा विचार करायचीसुद्धा मला ताकद नव्हती. मी सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं. "म्हणजे आता किती..." त्यांनी विचारलं. त्यांना पुढचा शब्द येईना. मी माझं बोट वर धरलं आणि अंगठ्यानं त्यावर दाखवलं, एवढं. वरचं गेलं, एवढं राहिलंय, आणि तेही रोज सांभाळलं तर. त्यांनी नळी खाली ठेवली आणि हात पुढं करून ते बोट धरलं, अंगठा होता तिथंच. आता धरून काय उपयोग, मी म्हटलं. पण बोट सोडवून घेतलं नाही.